दुपारी आलेल्यांची वंशावळ

उषा तायडे मॅडमबद्दल आमच्या ऑफिसात कोणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. त्या तिरसट आहेत, हट्टी आहेत, साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत, असं सगळे म्हणायचे आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मलाही त्यांचा वैताग यायचा. पण आज मी ज्या कंपनीत आहे तिथे शेकडो गोडबोली माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला दोन वर्षांनी आठवणार नाही. मॅडमचा आवाज मात्र अजून कानातून जात नाही.

मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर एका बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, सात-आठ टेबलं आणि मालक अविनाश सर बसायचे ती काचेची केबिन. खालून कीटकनाशकांचा वास वर यायचा. मृग लागायच्या आधी कपाशीच्या पाकिटांसाठी दुकानात झुंबड उडायची. आम्ही त्या गर्दीला कोपरानं बाजूला सारत जिना चढायचो आणि वर बसून मुंबईच्या मिठाईवाल्यांच्या वेबसाइटी बनवायचो. गावातली हुशार पोरं म्हणून आमच्याकडे बोट दाखवलं जायचं.

मॅडम आमच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या. आधी त्या गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या, मग तो बसला, मग त्या आमच्याकडे कोड लिहायला आल्या. मनगटावर बाप्याचं मोठं घड्याळ, ओढणी कमरेला खोचलेली, डब्यात बारा महिने भाकरी आणि ठेचा. नवरा होता, तो अकोल्याला होता, यापलीकडे विचारायची कोणाची छाती नव्हती. माहेर धामणगाव बढ्याचं. भाऊ तिथे कपाशी करायचा आणि मॅडम दर रविवारी तिकडे जायच्या.

त्यांचा मुख्य आजार असा, की त्यांच्या तोंडून नुसतं 'नाही' निघायचं नाही. सर आले का, असं विचारलं तर म्हणायच्या, "मले दिसले नाई. आले का नाई ते केबिनमधी डोकावून पाहा." फोन लागला का, तर, "घंटी वाजली, कोनी उचलला नाई." चहा संपला का, तर आपण थर्मासपाशी गेलोच नाही, हे त्या शपथेवर सांगितल्यासारखं सांगायच्या. एकदा आमच्याकडची नवी मुलगी रडवेली होऊन बसली होती. बहिणीच्या साखरपुड्याला सुटी मागितली तर सर काही बोललेच नाहीत, म्हणजे नाहीच म्हणाले, असं तिचं म्हणणं. मॅडमनी तिला उठवलंच.

"गप्प बसला म्हंजे नाई म्हनला, असं काऊन समजून राह्यली तू? त्याईले ऐकूच आलं नसन. जा, अजून एक डाव विचार."

ती गेली. सरांना खरंच ऐकू आलं नव्हतं. सुटी मिळाली. पण त्या मुलीनंही पुढे मॅडमला डोकेदुखीच म्हटलं, कारण रोज दिवसभर असं ऐकून घेणं कोणालाही जड जातं.

या खोडीचं मूळ कशात होतं ते मला माहीत नाही. पण ती खोडी शेतापर्यंत गेलेली मी पाहिली आहे. त्या साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. ज्या बियाण्यात अळी येणारच नाही म्हणून गावोगाव बैलगाड्यांवरून जाहिरात झाली होती, त्याच कपाशीचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. बियाण्याच्या कंपनीने पाकिटावर तक्रारीसाठी एक नंबर छापला होता. एका रविवारी कंपनीचा माणूस धामणगाव बढ्याला सभा घ्यायला आला. मीही होतो, कारण मॅडमची स्कूटी बंद पडली होती आणि मोटरसायकल माझ्याकडे होती. तो माणूस चांगला बोलणारा होता. फवारणी, खत, पाणी, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, की या भागातून आमच्या नंबरावर तक्रार एकही आलेली नाही, म्हणजे इथे बियाण्याचा प्रश्न नाही, व्यवस्थापनाचा आहे.

बायकांच्या बाजूला बसलेल्या मॅडम उठल्या. मोबाईल काढला, पाकिटावरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या माइकपाशी नेऊन धरला. घंटी वाजत राहिली. सगळी सभा ऐकत होती. घंटी वाजून वाजून थांबली. मॅडमनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या, "याले तुमी एकही तक्रार नाई म्हनता."

माणसं हसली, टाळ्या वाजल्या. कंपनीचा माणूसही हसला, आज रविवार आहे म्हणाला आणि चहा मागवला. सभा संपली. त्याने आपल्या अहवालात काय लिहिलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. येताना मागच्या सीटवर बसून मॅडम एवढंच म्हणाल्या, की आपल्या भावाने त्या नंबरावर महिनाभर फोन लावला होता आणि प्रत्येक वेळी घंटी वाजली, म्हणून तो समजत होता की पलीकडे कोणीतरी ऐकतंय.

त्याच सुमारास अविनाश सरांना सरकारी काम मिळालं. पेढे वाटले गेले. गावोगावच्या कोतवालांनी पूर्वी जन्ममृत्यूच्या ज्या नोंदी करून ठेवल्या, त्यांना आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात. ती सगळी बुकं कोणीतरी आधीच टाइप करून एका कार्यालयाच्या रेकॉर्डरूममधल्या कॉम्प्युटरवर चढवली होती. आम्ही करायचं ते एवढंच, की गावाचं आणि माणसाचं नाव टाकलं की वेबसाइटनं त्या कॉम्प्युटरला विचारायचं, आलेल्या नोंदी जुळवायच्या आणि बाप, आजा, पणजा, भाऊ, बहिणी अशी वंशावळ काढून दाखवायची. खाली 'छापा' असं बटण. छापलेल्या कागदावर त्याच कार्यालयाच्या खिडकीतला कारकून शिक्का मारून देणार. जातीच्या दाखल्याला, वारसाच्या नोंदीला, सगळ्याला तो कागद चालणार होता.

आता थोडं कोडबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथला आहे. आपला कोड पलीकडच्या कॉम्प्युटरला विचारतो, पण तो बंद असला, मधली तार तुटलेली असली, तर उत्तराऐवजी एरर येते. त्या एररचं काय करायचं हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवायचं असतं. नाही ठरवलं तर पडद्यावर इंग्रजीतला लाल मजकूर भसाभसा उमटतो. आमच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्या कार्यालयाच्या मोठ्या साहेबांसमोर तो उमटला होता. सरांची फार शोभा झाली. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः बसून बंदोबस्त केला. काहीही बिघडो, एरर गिळून टाकायची आणि पलीकडून रिकामी यादी आली असं समजून पुढे जायचं. रिकामी यादी आली की साइट शुद्ध मराठीत लिहायची, 'सदर व्यक्तीचे कोणीही नातेवाईक नोंदीत आढळून आले नाहीत.' लाल अक्षरं गेली, पडदा स्वच्छ दिसू लागला.

रेकॉर्डरूमची लाइन, म्हणजे वीज, दुपारी जायची. तिथे एक बॅटरी होती, ती पहिल्याच उन्हाळ्यात फुगली, आणि नव्या बॅटरीची फाइल टेबलाटेबलांवरून फिरत होती. खिडकीतल्या कॉम्प्युटरची बॅटरी मात्र ठणठणीत, त्यामुळे खिडकी चालूच राहायची. परिणाम असा झाला, की गावातला माणूस सकाळी चहा पिऊन आला तर त्याला सात पिढ्या मिळायच्या. खेड्यातला माणूस गुरांचं आणि घरचं आवरून एसटीत बसायचा आणि दुपारी उतरायचा. त्याला बापसुद्धा मिळायचा नाही. तसा शिक्क्याचा कागद घेऊन तो परत जायचा.

हे मॅडमच्या लक्षात आलं ते सहज. साइट तपासताना त्या नेहमी स्वतःच्या वडिलांचं नाव टाकायच्या. एका दिवशी जेवणानंतर त्यांनी ते पुन्हा टाकलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत बसल्या. मला वाटलं झोप लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सकाळी मले बाप होता. आता नाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोड उघडून ती जागा शोधली आणि केबिनमध्ये जाऊन सरांना बाहेर बोलावून आणलं. हे कोणी लिहिलं, असं विचारल्यावर सर म्हणाले, मी. मग मोठ्यानं वाचा, म्हणाल्या. अविनाश सर तसे सभ्य माणूस, त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर वाचलंसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाले, बरं मग? खिडकीपुढच्या माणसाला बॅटरीशी काय घेणंदेणं? मॅडमचं म्हणणं होतं, की शोधून सापडलं नाही ही एक गोष्ट आणि शोधताच आलं नाही ही दुसरी, आणि या दोहोंना एकच वाक्य लावणं हा खोटेपणा आहे. सर म्हणाले, बघू.

'बघू' म्हणजे नाही, हे आम्हाला कळलं. मॅडमला अर्थातच कळलं नाही. त्यांनी तो कोड बदलला. आता एरर आली की साइट सांगायची, 'आत्ता नोंदी पाहता आल्या नाहीत. याचा अर्थ नोंद नाही असा नाही. कृपया पुन्हा विचारा.' त्या वेळी 'छापा' बटण बंद. आणि अशी प्रत्येक एरर कधी आली ती तारीखवेळेसकट एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवली जायची. आठवडाभर ही साइट मलकापुरातली सगळ्यांत खरं बोलणारी गोष्ट होती, असं मी पैजेवर सांगायला तयार आहे.

मग साहेबांची तपासणी आली, आणि आली ती दुपारी. साहेबांनी स्वतःच्या पणजोबांचं नाव टाकलं. पडदा म्हणाला, पाहता आलं नाही, पुन्हा विचारा. साहेब खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "लोकांना पुन्हा या म्हणायला आम्ही आहोतच की. त्यासाठी कॉम्प्युटर कशाला घेतला?" सगळे हसले. सर सर्वांत जास्त हसले. मॅडम मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी पुन्हा या म्हनता, थे चांगलंच हाय. आमचा कॉम्प्युटर तं लोकाईले तुमचं कोनीच नाई म्हनून सांगत होता." साहेबांनी त्या कोण आहेत ते सरांना विचारलं. सरांनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी जुना कोड परत बसला. एररची तारीखवेळ लिहून ठेवणारी ओळही सरांनी काढून टाकली, कारण तपासणीत तशी फाइल कोणी उघडली तर उगाच प्रश्न.

यानंतर काही दिवसांनी जुलेखाबी जिना चढून आल्या. धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, साठीच्या आसपासच्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. कागदाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात आमच्या कंपनीचं नाव छापलेलं असायचं. ते कोणाकडून तरी वाचून घेऊन त्या 'छापणारे' शोधत आल्या होत्या. मॅडमनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

त्यांचा धाकटा भाऊ गफूर. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बोंडअळीच्या त्या साली बाकीच्यांसारखाच तोही दिवसाआड औषध फवारत होता. एका दुपारी पंप पाठीवरून उतरवला, चक्कर येते म्हणाला, आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. मागे राहिलं शेत. त्यात बहिणीचा हिस्सा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गफूरचा चुलतभाऊ कादर वारसाची नोंद करायला म्हणून मलकापूरला आला, खिडकीत गफूरची वंशावळ मागितली आणि त्याला हा कागद मिळाला. गफूरचं कोणीही नाही. कादरने हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. तो दुपारच्या गाडीने आला, एवढंच. पण कागद हातात पडल्यावर त्याने तो खाली ठेवला नाही. आपण चुलतभाऊ असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून एकट्याचं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज त्याने दिला, चावडीवर नोटीस लागली, जुलेखाबींनी तलाठ्याकडून त्या कागदाची नक्कल काढली, आणि हरकत घ्यायची मुदत आता संपत आली होती.

"माझ्या हातानं त्याचा पाळना हालवला मी," जुलेखाबी म्हणाल्या. "अन् कागदात मी नाईच म्हनतात, बाई."

मॅडमनी त्यांना त्या रात्री परत जाऊ दिलं नाही. गावाहून सकाळी निघून सकाळीच पोचणारी गाडी नव्हती. स्वतःच्या खोलीवर नेलं, जेवू घातलं आणि सकाळी कार्यालय उघडताच त्यांना घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या. मीही गेलो. लाइन होती. गफूरचं नाव टाकलं आणि एका दमात सगळं झाड उतरलं. आजा, बाप, आई, गफूर आणि त्याच्या शेजारी जुलेखा. कागद प्रिंटरमधून निघाल्यावर जुलेखाबींनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "मी कुठं हाव?" मॅडमनी त्यांचं बोट धरून योग्य जागी नेलं. "ह्या इथं तुमी." त्यांनी तो कागद डोळ्यांना लावला.

एखाद्या बऱ्या जगात ही गोष्ट इथे संपली असती.

त्या कागदावर जुलेखाबींनी मुदतीत हरकत घेतली. ती ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साइट तीच, शिक्का तोच, सही तीच. एकात बहीण आहे, एकात कोणीच नाही. तो म्हणाला, यातला कुठला खरा ते मी कसं ठरवू? पहिला चुकून निघाला असं कंपनीनं तिच्या लेटरहेडवर लिहून द्यावं, मी दुसरा धरतो. मागणी अगदी रास्त होती. मॅडम जवळजवळ पळतच जिना चढून आल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

केबिनचं दार उघडंच होतं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना वाईटही वाटलं असावं, त्यांचा चेहरा तसा होता. पण म्हणाले, "मॅडम, एकीला लिहून दिलं तर दुपारी आलेल्या सगळ्यांना द्यावं लागेल."

"हो मंग. सगळ्याईलेच द्या."

"कंपनी बंद करू का?"

मॅडमनी टेबलावरचा कोरा कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्याच स्वतः लिहून काढलं, की मी हा कोड सांभाळते, लाइन गेली की तो चुकीचं उत्तर देतो, आणि जुलेखाबींच्या चुलतभावाला मिळालेला कागद असाच निघाला. खाली पूर्ण नाव आणि सही. अधिकाऱ्याने तो वाचला, मान हलवली आणि एका नोकरदार बाईच्या म्हणण्यावर शेताचा निकाल कसा देणार, असं म्हणून रीतसर कंपनीकडेच विचारणा पाठवली. त्या दिवशी त्या वेळी तुमच्या प्रणालीत बिघाड झाला होता का?

सरांनी उत्तर पाठवलं. टाइप मीच केलं, तेव्हा शब्द न् शब्द पाठ आहे. 'सदर दिनांकास प्रणालीमध्ये कोणतीही त्रुटी नोंदविली गेलेली नाही.'

मॅडमनी ती प्रत मागून घेतली. वाचत वाचत जिना उतरल्या आणि खालच्या दुकानाच्या पायरीवर, खताच्या पोत्यांशेजारी बसल्या. मी मागून गेलो. त्या ओरडतील, सरांना शिव्या घालतील, निदान रडतील असं मला वाटलं. त्या नुसत्या कागदाकडे पाहत होत्या.

"खोटं एक अक्षर नाई याच्यात," त्या म्हणाल्या. "नोंदच ठेवली नाई तं नोंद असन कशी?"

हरकत फेटाळली गेली. सातबाऱ्यावर कादरचं नाव लागलं. जुलेखाबींना वर अपील करा म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी ते केलं, आणि तारखा सुरू झाल्या. मॅडमला कोणी काढून टाकलं नाही, आमच्याकडे असं उघड काही होत नसे. त्यांच्या टेबलावर काम यायचं बंद झालं. महिनाभर त्या रोज वेळेवर येऊन रिकाम्या बसल्या. मग एका दिवशी खुर्चीवरची स्वतःची उशी काखेत मारून गेल्या. कंपनीला मात्र आणखी दोन तालुक्यांचं काम मिळालं. साइट कधीच एरर दाखवत नाही, अशी तिची ख्याती झाली होती.

मी पुण्याला आलो. पुण्यात माझं बोलणं ऐकून लोक हसतात, म्हणून मी ते बदललं. मॅडमचा फोन वर्षातून एकदा-दोनदा यायचा. एकदा त्यांनी सांगितलं, की जुलेखाबी आता कादरकडे कापूस वेचायला जातात. त्याच शेतात, इतर बायांसारख्या, मजुरीनं. मॅडमनी त्यांना विचारलं होतं, दुसऱ्याच्या वावरात जा ना, तिथंच काऊन? तर त्या म्हणाल्या, मजुरीच्या निमित्तानं का होईना, भावाच्या बांधावर पाय ठेवता येते. हे ऐकून मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. कादरवर काढावा तर तो एका कागदाचा धनी. सरांवर काढावा तर ते आजही दिवाळीला मला न चुकता शुभेच्छा पाठवतात.

मागच्या हिवाळ्यात मावसभावाच्या लग्नाला मलकापूरला गेलो होतो. भर दुपारी रिक्षाने त्या कार्यालयावरून जात असताना फाटकापाशी मॅडम दिसल्या. केस पुरते पांढरे, ओढणी डोक्यावरून घेतलेली. मी रिक्षा थांबवून उतरलो, पण त्या कामात होत्या. एसटीतून उतरून आलेल्या माणसांना त्या फाटकाबाहेरच गाठत होत्या आणि आत जाऊ नका, सकाळी या, असं सांगत होत्या. पानटपरीवाल्याने मला सांगितलं, की बाई आठवड्यातून दोन-तीन दुपारी येते, शिपायानं एकदा हाकललं, पोलिसातही तक्रार झाली, लोक तिला दलाल समजतात. बॅटरीची फाइल अजून फिरत होती.

एक म्हातारा आला. धोतर, टोपी, सोबत सून, दोघांच्या कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. मॅडम त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मामा, आता नका विचारू. आता विचारलं तं तुमचं कोनीच नाई असा कागद देतीन, अन् मंग थोच खरा होईन. सकाळी या."

"वेचनी सोडून आलो बाई. उद्या परत कुठं येऊ?" म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "सकाळी देतीन का पक्का?"

मॅडम हो म्हणाल्या असत्या तर तो कदाचित थांबला असता. ज्या बाईने जन्मभर न पाहिलेल्या चहालासुद्धा संपला म्हटलं नाही, ती उद्याच्या लाइनची हमी कुठून देणार? "लाइन असली तं," एवढंच त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने त्यांना हाताने बाजूला सारलं आणि सुनेला घेऊन आत गेला.

थोड्याच वेळात दोघं बाहेर आले. म्हातारा खुशीत होता. गर्दी नव्हती, लगेच दिला बाप्पा, असं तो सुनेला सांगत होता. शिक्क्याची शाई ओली होती म्हणून त्याने कागद वाऱ्यावर धरला, वाळू दिला आणि नीट चौघडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. मॅडम त्याच्या मागे दोन पावलं गेल्या. मले दाखवा तं खरं, म्हणाल्या, काय लिहेल हाय थे वाचून दाखवते.

म्हाताऱ्याने खिशावर पंजा दाबून धरला. "तुमाले काऊन दाखवू?" तो म्हणाला. "माह्या घरची वंशावळ हाय थे."

आणि खिशावरचा हात न काढता तो एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला.